प्रायमर बसवायचं टूल कसं निवडावं: घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी

ओहायोतल्या एका रेंजवर ६०० यार्डांची स्पर्धा होती. पालथं पडून वीस गोळ्या, वीस मिनिटांत. चौदावी गोळी चेंबरमध्ये घातली, श्वास अर्धा सोडला, ट्रिगर ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं. अशा वेळी रायफलची नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबायचं असतं, तसा थांबलो. मग काडतूस बाहेर काढून बाजूला ठेवलं. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, फायरिंग पिनचा खड्डा होता, पण उथळ. घरी आल्यावर उरलेली काडतुसं सपाट काचेवर एकेक उभी करून बघितली. तीन डुगडुगत होती, म्हणजे त्यांचा प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा वर राहिला होता. बंदुकीच्या दारूचं वजन मी दशांश ग्रेनपर्यंत (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) तोललं होतं, बुलेटा एकेक मोजल्या होत्या. प्रायमर मात्र प्रेसच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या दाबयंत्राच्या, लांब दांड्यानं, हाताला काही न कळता, भराभर बसवले होते.

तेव्हापासून या एका कामाकडे मी फार बारकाईनं बघतो. आमच्या रेंजवर नवीन येणारी मराठी मुलं बरीचशी इंजिनिअरिंगची असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठलं टूल घेऊ?’ या लेखात त्याचंच उत्तर आहे, पण सुरुवात टूलपासून होणार नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे घरी काडतुसं भरणं हा जुना, कायदेशीर छंद आहे आणि साहित्य दुकानात मिळतं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानं ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही घेतले आहेत आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा. म्हणून इथलं प्रेस किंवा प्रायमरची डबी गावी भावासाठी घेऊन जाऊ नका. प्रायमर तर अमेरिकेतून विमानात नेताच येत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खाली दिलेल्या. रेंजची बॅग प्रवासाला वापरणार असाल तर तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका. शिवणीत अडकलेला एक प्रायमरही विमानतळावर गोत्यात आणेल.

आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, ते पाहून नेमबाजीकडे वळलेल्यांसाठी: त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस असतं. त्यात पेटवणारं मिश्रण पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडाच्या काठाच्या पोटातच भरलेलं असतं, वेगळा प्रायमर नसतो. तिथे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची तयार काडतुसं आपल्या नळीतून मारून बघतात आणि जुळणारा लॉट विकत घेतात. हा लेख सेंटरफायर रायफलचा आहे, म्हणजे जिच्या काडतुसात प्रायमर वेगळा, बुडाच्या मधोमध बसतो.

खळग्यात काय घडतं

प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात बसणारी एक इवलीशी धातूची वाटी. तिच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा थर आणि त्यावर दोन किंवा तीन पायांची ऐरण. फायरिंग पिन वाटीवर आपटते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडलं जातं आणि ठिणगी बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते. लोहाराच्या भात्याशेजारी असते तीच ऐरण, फक्त तांदळाच्या दाण्याएवढी. ऐरण प्रायमरमध्येच असलेल्या या रचनेला बॉक्सर म्हणतात, ब्रिटिश लष्करातल्या एडवर्ड बॉक्सरच्या नावानं. ऐरण पुंगळीतच घडवलेली असते ती बर्डान, अमेरिकन हायरम बर्डानच्या नावानं. अमेरिकेत बॉक्सर रुजली आणि युरोपात बराच काळ बर्डान, इतिहासानं दोघांची अदलाबदल केली. घरी भरायला बॉक्सरच सोयीची.

ऐरणीचे पाय वाटीच्या कडेपेक्षा किंचित पुढे आलेले असतात. प्रायमर खळग्यात दाबताना आधी नुसतं भिंतींचं घर्षण लागतं. मग पाय तळाला टेकतात. त्यापुढे अगदी थोडं आणखी दाबलं की ऐरण मिश्रणावर घट्ट बसते. या शेवटच्या दोन-चार थाऊंच्या दाबावर सगळं अवलंबून आहे, पुढे मी त्यालाच ‘चिरडणं’ म्हणतो. (शिरोलीच्या किंवा भोसरीच्या शॉपवर काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको. बाकीच्यांसाठी: इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर.)

पाय टेकलेच नसतील तर पिनची ताकद प्रायमर खाली ढकलण्यातच खर्च होते. माझी चौदावी गोळी तशी गेली. जास्त चिरडलं तर मिश्रणाच्या थराला तडा जाऊ शकतो. आणि कधी कमी, कधी जास्त असं झालं तर पेटण्यात सारखेपणा राहत नाही, ते ६०० यार्डांवर उभ्या रेषेत पसरलेल्या छिद्रांमधून दिसतं.

वर राहिलेल्या प्रायमरचा याहून मोठा धोका सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलींमध्ये आहे. एम१ गरँड आणि एआर-१५ यांची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट पुढे आपटला की ती प्रायमरला टोचते. चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न मारता बाहेर काढून बघा, प्रायमरवर बारीक ठिपका दिसेल. वर आलेल्या प्रायमरवर हा ठिपका जोरात बसला तर ट्रिगरला हात न लावता गोळी सुटू शकते. या रायफलींसाठी सीसीआय कंपनीचे ३४ आणि ४१ नंबरचे, लष्करी मोजमापाचे प्रायमर मिळतात, ते वापरणं शहाणपणाचं. रिव्हॉल्व्हरमध्ये वर आलेला प्रायमर सिलिंडर फिरूच देत नाही.

पहिली पायरी: पुंगळ्या मोजा

टूलच्या आधी डायल इंडिकेटर किंवा डेप्थ मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियर कॅलिपरची मागची काडी या कामाला चालत नाही. खळग्यात ती तिरकी होते आणि दोन-तीन थाऊ सहज खोटं बोलते. सपाट बैठकीचा डायल हवा.

लार्ज रायफल प्रायमरचा व्यास साधारण ०.२१० इंच, म्हणजे ५.३३ मिलिमीटर. स्मॉल रायफलचा ०.१७५ इंच, म्हणजे ४.४५. अमेरिकन प्रमाणानुसार लार्ज रायफलचा खळगा ०.१२५ ते ०.१३२ इंच खोल असावा, स्मॉल रायफलचा ०.११७ ते ०.१२३. म्हणजे दोन लार्ज रायफल पुंगळ्या नियमात बसूनही त्यांच्या खोलीत सात थाऊंचा फरक पडू शकतो, आणि आपण भांडतोय दोन थाऊंसाठी. सहाशे डॉलरचं टूल आणलं तरी ते हा फरक गिळू शकत नाही.

एकाच लॉटच्या वीस पुंगळ्या घ्या. जुना प्रायमर काढा, खळग्यातली काजळी खरवडा आणि खोली मोजून वहीत लिहा. मग काठाची जाडी मोजा, मायक्रोमीटरनं, दोन जागी. काठाचं कारण पुढे येईल.

खोलीत तीन-चार थाऊंहून जास्त तफावत दिसली तर खळगे एकसारखे करायचं कटर घ्या. ते तळ सपाट करतं आणि ठरलेल्या खोलीवर थांबतं. स्पर्धेच्या पुंगळ्यांना हे आयुष्यात एकदाच करायचं असतं. लष्करी ५.५६ किंवा ७.६२च्या पुंगळ्या असतील तर खळग्याच्या तोंडाशी दाबून केलेली कडा असते, ती आधी काढा. ती तशीच ठेवून प्रायमर दाबला की वाटी चेपते, कधी आडवी होते. कुठलंही टूल त्यातून वाचवत नाही.

अंदाज की अडसर

टूलांची नावं बाजारात चिक्कार आहेत, पण मुळात ती दोनच तऱ्हांची. एक तऱ्हा तुमच्या हाताच्या जाणिवेवर चालते: पाय टेकल्याचं कळलं, थोडं दाबलं, थांबलात. दुसरीत अडसर असतो: दांडा ठरलेल्या ठिकाणी थांबतो, मग तुम्ही कितीही जोर लावा.

अडसर ऐकायला बिनचूक वाटतो. पण पुंगळी टूलमध्ये कशी धरलेली असते ते नीट बघा. शेल होल्डरचे (पुंगळी धरणाऱ्या खाचेचे) ओठ काठाला वरून धरतात आणि दट्ट्या प्रायमरला खालून ढकलतो. म्हणजे अडसराचं माप काठाच्या वरच्या बाजूपासून ठरतं, आपल्याला हवंय ते बुडापासून. काठ दोन थाऊ जाड असेल तर प्रायमर दोन थाऊ खोल जातो, काठ पातळ असेल तर तेवढाच वर राहतो. त्यात खळग्याची खोलीही कमीजास्त असेल तर चिरडणं कुठल्या कुठे जातं.

हाताच्या जाणिवेला काठाच्या जाडीशी देणंघेणं नाही. पाय तळाला टेकले की टेकले. पण दोनशे पुंगळ्यांनंतर अंगठा दुखायला लागतो आणि दमलेला हात लबाडी करतो.

म्हणून माझं मत असं. पुंगळ्या सरमिसळ असतील, रेंजवरून वेचलेल्या असतील, तर जाणीव देणारं हातातलं टूल घ्या. एकाच लॉटच्या, खळगे एकसारखे केलेल्या आणि काठ मोजून निवडलेल्या असतील तरच अडसराच्या टूलवर पैसे खर्च करा. उलटा क्रम लावणारे पैसे घालवतात आणि मग टूलला नावं ठेवतात.

बाजारात काय आहे

प्रेसवरच प्रायमर बसवायची सोय बहुतेक प्रेसना असते. पिस्तुलाच्या सरावाच्या काडतुसांना पुरते. लांब दांड्यामुळे जोर इतका वाढतो की पाय टेकल्याचं हाताला पोचतच नाही. स्पर्धेच्या रायफलसाठी मी ती वापरत नाही. डिलनसारख्या प्रोग्रेसिव्ह (दांड्याच्या एका ओढीत सगळे टप्पे उरकणाऱ्या) प्रेसचं कामच वेग देणं, ती वेगळ्या गरजेची.

हातातलं साधं टूल म्हणजे ली ऑटो प्राइम. तीस-चाळीस डॉलरच्या आसपास मिळतं, हलकं आहे आणि जाणीव चांगली देतं. याला लीचे स्वतःचे वेगळे शेल होल्डर लागतात, प्रेसचे चालत नाहीत. ते सोबतच मागवा, नाहीतर टूल आठवडाभर पडून राहील. ली, आरसीबीएस किंवा कुणाचंही जुनं टूल सेकंडहँड घेताना त्या मॉडेलच्या सूचना शोधून वाचा. काही जुन्या टूलांत फेडरलचे प्रायमर वापरू नका असं कंपनीनंच सांगितलेलं आहे. फेडरल प्रायमर संवेदनशील मानले जातात. त्यांची डबी इतरांपेक्षा मोठी असते ती त्यामुळेच, आत प्रायमर एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात.

आरसीबीएसच्या युनिव्हर्सल टूलमध्ये शेल होल्डर नसतो, स्प्रिंगचे जबडे बहुतेक काठ धरतात. चार-पाच कॅलिबर भरणाऱ्याला बरं. यात प्रायमरची थाळी आणि बसवण्याची जागा यांच्यामध्ये एक झडप असते. एक प्रायमर उडाला तर थाळीतल्या बाकीच्यांना आग पोचू नये म्हणून. ही झडप, किंवा तिच्यासारखी काही आडकाठी, हा माझ्या लेखी टूलचा पहिला गुण आहे. एक प्रायमर बोट भाजेल. शंभर एकदम गेले तर हात जाईल.

फ्रँकफर्ड आर्सेनलचं परफेक्ट सीट या पट्ट्यातलं, पण खोली ठरवायची फिरकी असलेलं आणि सोबत शेल होल्डरचा संच देणारं. पहिलंच टूल घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. हात आणि अडसर दोन्ही शिकता येतात.

त्यापुढे सिंक्लेअर, ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी आणि केअँडएम. यांत थाळी नसते, एकेक प्रायमर बोटांनी किंवा चिमट्यानं ठेवायचा. काम सावकाश चालतं, पण उडण्याचा धोका एकाच प्रायमरपुरता राहतो. केअँडएमच्या एका मॉडेलवर डायल बसवलेला असतो, तो त्या पुंगळीच्या खळग्याची खोली आणि त्या प्रायमरची उंची यांची तुलना करून चिरडणं दाखवतो. मोजायची आवड असलेल्याला हे टूल जिवाभावाचं वाटेल.

टेबलाला पक्कं बसणारं, वरच्या किमतीचं म्हणजे प्रायमल राइट्सचं सीपीएस. सहाशे डॉलरच्या वर जातं. थाऊ-थाऊनं खोली बदलता येते आणि हात दुखत नाही. वर्षाला काही हजार काडतुसं स्पर्धेसाठी भरणाऱ्यानं घ्यावं. शनिवारी पन्नास गोळ्या मारणाऱ्यानं ते पैसे चांगल्या पुंगळ्यांवर घालावेत, फरक जास्त दिसेल.

हातात घेऊन काय बघायचं

दुकानात टूल मिळालं तर प्रायमर न घालता दांडा सावकाश दाबा. चाल शेवटपर्यंत एकसारखी हवी, मध्येच अडखळली तर पाय टेकल्याची जाणीव त्या अडखळण्यात बुडेल. दट्ट्याचं तोंड भिंगानं बघा. ते सपाट हवं, कडा गुळगुळीत हवी. मग तुमची एक रिकामी पुंगळी शेल होल्डरमध्ये घालून बोटानं हलवा. थोडी हलली पाहिजे, म्हणजे खळगा स्वतःहून दट्ट्याच्या रेषेत येतो. खुळखुळ्यासारखी हलली तर मात्र प्रायमर तिरका जाईल. शेवटी, दट्ट्या खाली असताना प्रायमरची जागा डोळ्याला दिसते का ते बघा. प्रायमर उलटा किंवा आडवा पडला तर दाबायच्या आधी दिसायला हवा.

घरी बसवताना

चष्मा डोळ्यावर चढवल्याशिवाय प्रायमरची डबी उघडायची नाही. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूनं बंद असलेला सुरक्षा चष्मा हवा. टेबलावर दारूचा डबा नको. प्रायमर मूळ डबीतच ठेवा, काचेच्या बाटलीत कधीही ओतू नका. एकत्र मोकळे पडलेले प्रायमर म्हणजे छोटा बॉम्ब. अग्निसुरक्षेच्या नियमांत घरात ठेवायची मर्यादा १०,००० प्रायमरची आहे, पण लागतात तेवढेच ठेवलेले बरे.

आता मोजलेल्या पुंगळ्यांमधली एक घ्या. अडसर असेल तर पूर्ण मागे घ्या. दांडा हळू दाबा. आधी एकसारखं घर्षण लागेल, लोण्यात सुरी जावी तसं नाही, बाटलीत बूच जावं तसं. मग एकदम टणक लागेल. तिथेच थांबा. पुंगळी काढा आणि बुडापासून प्रायमर किती खाली आहे ते डायलनं मोजा. समजा तीन थाऊ आलं. याचा अर्थ तीनवर पाय टेकले. त्यात दोन थाऊ चिरडणं मिळवा, पाच झाले. अडसर पाचवर लावा आणि पुढच्या पुंगळीपासून त्यावर बसवा. बहुतेकांचं माप तीन ते पाच थाऊंच्या दरम्यान येतं. तुमचं आठच्या पुढे गेलं तर खळगा जास्त खोल खणला गेला आहे का ते तपासा.

दहा पुंगळ्या बसवा आणि सगळ्या मोजा. सगळ्यात खोल आणि सगळ्यात वरचा यांत दोन थाऊंपेक्षा जास्त अंतर नसलं तर टूल आणि तुम्ही दोघंही ठीक. अंतर जास्त आलं तर काठाच्या जाडीची वही काढा, बहुधा तिथेच उत्तर सापडतं. प्रायमरवर दट्ट्याचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटला तर पुंगळी तिरकी धरली जातेय. शेल होल्डरमधली घाण काढा, तरीही उमटला तर शेल होल्डर बदला.

एखादा प्रायमर अगदी अलगद, काही न लागता आत गेला तर ती पुंगळी वेगळी काढा. खळगा सैल झालाय, तिचा प्रवास संपला. दोन-चार गोळ्यांतच अनेक पुंगळ्या अशा व्हायला लागल्या तर तुमचा दाब जास्त आहे. दारूचं माप मॅन्युअलशी ताडून बघा आणि खाली आणा.

आणि अडकलं तर जोर लावायचा नाही. प्रायमर आडवा दिसला, मध्येच थांबला, हाताला वेगळं लागलं, तर दांडा सोडा, थाळी बाजूला करा आणि मग बघा. अर्धा बसलेला प्रायमर दुसऱ्यांदा दाबून खाली घालवायचा मोह होतो. रिकाम्या पुंगळीतला असेल तर ती पुंगळी टाकून द्या. काडतुसात दारू आणि बुलेट बसलेली असेल तर त्याला हातच लावू नका, रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाका. वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात दाबल्यानं माणसं जखमी झाली आहेत.

प्रत्येक पुंगळी झाल्यावर तर्जनीचं टोक बुडावरून फिरवायची सवय लावा. बुडाच्या काठावरून बोट आत येतं, अक्षरं लागतात, मग प्रायमरच्या जागी उथळ बशी लागते. पाच थाऊंची ती बशी बोटाला स्पष्ट कळते. बोट सपाट गेलं तर ती पुंगळी काचेवर उभी करून बघा. माझ्या टेबलावर फोटोफ्रेममधून काढलेली काच कायम असते.

खोली एकदा लागली की तिची परीक्षा रेंजवर घ्या. दारू, बुलेट, प्रायमरचा लॉट, काही बदलू नका. पाच काडतुसं तुमच्या मापाची, पाच दोन थाऊ वर, पाच दोन थाऊ खाली. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून एकाच दिवशी, आलटून पालटून मारा. वेगातला फरक आणि लक्ष्यावरची उभी पसरण लिहून ठेवा. पायच टेकणार नाहीत एवढ्या वर मात्र कधी जाऊ नका.

काम झाल्यावर थाळी आणि दट्ट्या ओल्या कापडानं पुसा. घरचा व्हॅक्यूम तिथे नको, प्रायमरच्या मिश्रणात शिसं असतं आणि ती धूळ व्हॅक्यूम खोलीभर उडवतो. दट्ट्याला तेल लावायचं असेल तर दांड्याच्या बाजूनं, अगदी थेंबभर. प्रायमरला तेल लागलं की तो निकामी होऊ शकतो. हात साबणानं, थंड पाण्यानं धुवा आणि मगच चहाला बसा. घरात लहान मूल असेल तर रेंजचे कपडेही वेगळे धुवा.

डबीवर लावायच्या पट्टीवर मी आता दारू आणि बुलेटबरोबर आणखी तीन आकडे लिहितो: खळग्याची सरासरी खोली, प्रायमर बुडाखाली किती, आणि प्रायमरचा लॉट नंबर. लॉट बदलला की पाय टेकण्याची जागा एक-दोन थाऊंनी सरकते, तेव्हा पहिल्या पुंगळीवर अडसर मागे घेऊन पुन्हा शोधायची.